कातड्याचे आसन

मोटारसायकलीची सीट कमावलेल्या कातड्यातून स्वतःच्या हाताने कापावी, तिच्यावर नक्षी उठवावी आणि कडेने शिवून ती पत्र्याच्या तळावर बसवावी अशी ज्याची इच्छा आहे, परंतु ज्याने आजवर रापी हातात धरलेली नाही, अशा मनुष्यासाठी पुढील प्रकरणे लिहिली आहेत. तो मनुष्य मौजे नावडे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड येथे किंवा त्या पंचक्रोशीत राहतो असेही मी धरून चाललो आहे. हे गृहीत माझ्या वास्तव्यावरून आलेले नसून विषयातूनच उद्भवले आहे. कारण कातडे हवेचा गुण घेते, आणि ज्या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तेथील नवशिक्याने कोरड्या प्रदेशातील कारागिरांच्या सूचना जशाच्या तशा पाळल्या, तर त्याच्या पदरी बुरशी येते.

नावड्याची स्थिती या उद्योगास अनुकूल आहे. एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, मधून जाणारा मुंब्रा–पनवेल रस्ता आणि दिवा–पनवेल लोहमार्गावरील नावडे रोड हे स्थानक, अशा चौकटीत जुने गाव आणि सिडकोने आखलेल्या भूखंडांवरील नव्या इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. आणि पाळीवर जाणारे कामगार, पर्यवेक्षक, मालाची ने-आण करणारे तरुण या सर्वांचे मुख्य वाहन मोटारसायकल हेच आहे. सीटच्या तळासाठी लागणारा पत्रा, तो वाकवून व जोडून देणारा वेल्डर, फोम, रेक्झिन, रिव्हेट या सर्व गोष्टी येथे हाताशी मिळतात. कातड्यासाठी धारावीपर्यंत जावे लागते, तो प्रवासही काही मोठा नव्हे. उणीव आहे ती लिखित ज्ञानाची, आणि तिचे कारण प्रस्तावनेतच सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ते कारण न जाणता जो या कामाला हात घालील त्याला साधने मिळतील, पण गुरू मिळणार नाही.

वाहनावर बसण्याचे कातडी आसन ही महाराष्ट्रास नवी वस्तू नव्हे. ज्या राज्याचे बळ घोडदळावर उभे होते, ज्याच्या फौजेत स्वतःचा घोडा व सरंजाम घेऊन येणारा शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा बारगीर असे दोन वर्ग हजेरीपटावर वेगळे मांडले जात, त्या राज्यात खोगीर, जीन, तंग, रिकिबीचे पट्टे आणि लगाम यांची निर्मिती व दुरुस्ती अहोरात्र चालू असली पाहिजे. जीनगरांचा पेशा हाच. १८१८ साली पेशवाई संपून फौजा मोडल्या, तेव्हा त्यांच्या हुन्नराचे मुख्य गिऱ्हाईकच नाहीसे झाले, आणि हा कुशल वर्ग धातुकाम, सुतारकाम, मूर्तिकाम, चित्रकाम अशा अनेक व्यवसायांत पांगला. राजकीय इतिहासाची दप्तरे आपण जपली, त्यांतील लढायांच्या तारखांवरून वाद घातले. पण घोडेस्वार ज्यावर दिवसचे दिवस बसला त्या जिनाचे कातडे किती जाड होते, ते कोणत्या सालीत कमावले होते, त्याचा टाका कसा घातला होता, याविषयी लिहिणाऱ्यांनी क्वचितच लेखणी उचलली.

याचे मूळ आपल्या समाजरचनेत आहे. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि कमावलेल्या कातड्यापासून वस्तू बनविण्याचे काम चर्मकार समाजाकडे, ही विभागणी गावगाड्यात पिढ्यान्पिढ्या चालत आली. पादत्राणे, आसूड, वाद्या आणि विहिरीचे पाणी उपसणारी मोट यांवाचून शेती क्षणभर चालली नसती. तथापि त्या वस्तू घडविणाऱ्या हाताला अस्पृश्य ठरवून, त्याला बलुत्याचे धान्य दूर उभे करून देण्याची रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या हक्क-कर्तव्यांचा तपशीलवार विचार केला, पण तो व्यवस्थेचा विचार आहे. कसबाच्या अंतरंगात शिरण्याचा त्याचा हेतू नव्हता. ज्याला लिहिता येत होते त्याला कातड्याचा स्पर्श निषिद्ध, आणि ज्याचा कातड्याशी जन्माचा संबंध त्याला अक्षर निषिद्ध. या दुहेरी निषेधाचे फळ म्हणजे मराठीत या विषयावरील पुस्तकांचा तुटवडा.

हा निषेध मोडण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड येथे १९२७ साली भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा उपदेश केला, आणि पुढे त्यांच्या चळवळीतील लोकांनी गावोगावी मेलेली जनावरे ओढण्याचे लादलेले काम नाकारले. दुसऱ्या दिशेने वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले, आणि कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मृत जनावरांची कातडी सोडविण्याचे व कमावण्याचे काम उच्चवर्णीयांनी करून दाखविले पाहिजे या निष्ठेने अंगावर घेतले. पहिली वाट नकाराची आणि दुसरी स्वीकाराची, म्हणून त्या परस्परविरोधी आहेत असे वाटणे साहजिक आहे. माझे मत असे की नकाराचा अधिकार सिद्ध झाल्यावाचून स्वीकाराला नैतिक मूल्यच येत नाही. आज नावड्याच्या एखाद्या सदनिकेत राहणारा तरुण सुट्टीच्या दिवशी हौसेने आरी हातात घेतो, तेव्हा तो हे काम निवडतो आहे. आणि निवडण्याची ही मोकळीक या कसबाच्या मूळ धन्यांना शतकानुशतके नव्हती, हे त्याने एक क्षणही विसरू नये.

म्हणून या पुस्तिकेचा पहिला आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा आहे की नवशिक्याने एखाद्या चर्मकार कारागिराकडे शिष्य म्हणून जावे. ग्राहक म्हणून गेलेल्या माणसाला वस्तू मिळते. जवळ बसून, त्यांच्या वेळेचा मोबदला न मागता देऊन, त्यांचे हात पाहणाऱ्याला विद्या मिळते. मी ज्यांच्यापाशी बसत असे ते वयोवृद्ध गृहस्थ रेल्वे स्थानकाबाहेर चपला दुरुस्त करीत, आणि सगळे त्यांना मामा म्हणत. बाजारातून आणलेले दोन तुकडे एकदा मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकाचा कोपरा दुमडला, नखाने दाबला, आणि म्हणाले, “हे क्रोमचं आहे. ह्याच्यावर तुम्ही कितीही ठोका, उद्या सकाळी काही दिसायचं नाही.” मग दुसऱ्या तुकड्यावर बोटभर पाणी लावून, तेथे पाणी मुरून रंग गडद होताना दाखवीत म्हणाले, “हे बघा, हे पाणी पितंय. ह्याच्यावर करा.” कित्येक पृष्ठांतून मिळणारे ज्ञान त्या दोन वाक्यांत होते, आणि पुस्तकातून ते बोटांपर्यंत पोचावयास फार वेळ लागला असता.

त्यांच्या बोलण्यामागील शास्त्र थोडे उलगडून सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. कच्चे कातडे कुजू नये म्हणून त्यातील तंतूंशी एखादे द्रव्य कायमचे जोडून टाकणे याला कमावणे म्हणतात. आपली जुनी पद्धत वनस्पतींची: बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवावयाचे. कोल्हापूरकडे तर कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात हे पाणी भरून, ते टांगून ठेवीत आणि द्रव आतून बाहेर झिरपू देत. हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी आजही गोळा करतात. दक्षिणेत मद्रासकडे तरवडाची साल वापरून कमावलेले कातडे पूर्वी मोठ्या प्रमाणावर परदेशी जाई. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. तिचे एक महत्त्वाचे पेटंट १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांना मिळाले, आणि आठवड्यांचे काम एखाद्या दिवसात होऊ लागल्यामुळे आज जगातील बहुतेक कातडे याच रीतीने कमावले जाते. क्रोमचे कातडे मऊ, लवचिक आणि पाण्याला टिकाऊ असते, पण उठविलेला ठसा ते धरून ठेवीत नाही. वनस्पतींनी कमावलेले कातडे ओले असता मळलेल्या मातीसारखे वळते आणि वाळले की दिलेला आकार सोडीत नाही. नक्षीचे सारे काम या एका गुणावर उभे आहे.

तेव्हा धारावीच्या दुकानात कातडे मागताना रंगापूर्वी आणि किमतीपूर्वी कमावणीची चौकशी करावी. देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला आणि पुढे धारावीतील कमावणीचे कारखाने क्रमाने बंद पडत गेले. आता तेथील दुकानांत चेन्नई, कानपूर, कोलकाता येथून आलेला माल विकला जातो, आणि विक्रेत्यालाही त्याची पूर्वपीठिका प्रत्येक वेळी ठाऊक असतेच असे नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीनंतर गाईप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे, म्हशीच्या नाही. म्हणून नवशिक्याच्या हाती बहुधा म्हशीचे कातडे येईल. त्याचा दाणा भरड असतो, त्यावर केसासारखी बारीक रेषा स्वच्छ उमटत नाही, पण ते दणकट असते आणि ठसठशीत नक्षीला उत्तम साथ देते. सीटच्या वरच्या भागासाठी तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडी पुरे. त्याहून पातळ घेतले तर ठसा खोल जात नाही, आणि फार जाड घेतले तर पत्र्याच्या कडेवर ते वळत नाही.

वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याचा एक शत्रू प्रत्येक घरात असतो, तो म्हणजे लोखंड. कातड्यात मुरलेले टॅनिन आणि लोह यांचा ओलाव्यात संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. म्हणून कातडे भिजवावयाचे भांडे प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावे, आणि रिव्हेट पितळेचे किंवा तांब्याचे असावेत. कळंबोलीच्या बाजारात जे सर्वांत स्वस्त मिळतात ते लोखंडी रिव्हेट मोह कितीही झाला तरी घेऊ नयेत, कारण पहिल्याच आषाढात प्रत्येक रिव्हेटभोवती काळे वर्तुळ दिसू लागेल.

आता आसनाच्या घडणीकडे वळू. मोटारसायकलीच्या कातडी सीटचे स्थूलमानाने दोन वंश आहेत. एकात जाड कातडे पुढील व मागील लोखंडी दांड्यांमध्ये ताणून धरलेले असते, खाली गादी नसते, आणि भार कातड्याच्या ताणावर व स्प्रिंगांवर तोलला जातो. १८६६ साली घोड्यांचे साज बनविण्यापासून आरंभ करून १८८२ साली सायकलच्या आसनाचे पेटंट घेणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स यांनी हा प्रकार रूढ केला, आणि घोड्याच्या जिनाकडून यंत्राच्या आसनाकडे येणारा मार्ग त्यात स्पष्ट दिसतो. दुसऱ्यात पत्र्याच्या तळावर फोम आणि फोमवर कातडे असते. नवशिक्याने दुसराच प्रकार घ्यावा असे माझे ठाम मत आहे. ताणलेल्या आसनात कातड्याची निवड किंचित चुकली तरी ते झोळीसारखे लोंबते आणि सुधारता येत नाही. पत्र्याच्या तळाचा आकार मात्र पुठ्ठ्यावर ठरविता येतो, सोळा गेजच्या पत्र्यातून वेल्डरकडून करून घेता येतो, आणि बसून पाहून वाकविता येतो. १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेल्या बुलेटच्या जुन्या गाड्यांवरील स्प्रिंगांची एकेरी सीट पाहून ज्याला या कामाची ओढ लागली असेल त्यालाही माझा हाच सल्ला आहे. स्प्रिंगा पत्र्याच्या तळाखालीही बसविता येतात.

एक कायदेशीर बाब येथेच नोंदवून ठेवतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे; तसेच केंद्रीय नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी धरावयास मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाकास आवश्यक ते आच्छादन असावे लागते. म्हणून चासी कापू नये, मूळ सीट फेकू नये, नवी सीट मूळच्याच खिळ्याखुंट्यांवर बसेल अशी योजना करावी, आणि एकेरी सीट लावलेल्या दिवशी मागे कोणालाही बसवू नये.

नक्षीकामाचे मर्म ओलाव्यात आहे, आणि येथे मी वाचकास थोडे थांबविणार आहे, कारण पुस्तके याच ठिकाणी घाई करतात. कातडे पाण्यात बुडवून लगेच ठोकावयास घेतले तर ते चिखलाप्रमाणे दबते आणि ठसा पसरट होतो. कोरड्यावर ठोकले तर ठसा उथळ राहतो. पाणी चांगले मुरल्यावर कातडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवावे, सकाळी उघडून हवेवर ठेवावे, आणि पृष्ठभागाचा रंग जवळजवळ मूळच्या रंगावर येईपर्यंत वाट पाहावी. वरून कोरडे दिसणारे ते कातडे गालाला लावले असता थंड लागते, म्हणजे आतला ओलावा शिल्लक आहे. या अवस्थेत फिरत्या पात्याच्या सुरीने रेषा कापली की ती स्वच्छ उघडते. जाडीच्या निम्म्यापेक्षा खोल जाऊ नये. मग रेषेच्या एका बाजूला तिरक्या तोंडाचा ठसा मोगरीने ठोकीत नेला की ती बाजू खाली बसते आणि दुसरी वर उचलल्यासारखी भासते. ओलावा नेमका असेल तर ठोकलेल्या जागी कातडे स्वतःच गडद तपकिरी होते. तो रंग वरून लावावा लागत नाही, आणि काम बरोबर चालले आहे याची तीच खूण होय. नावड्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ही अवस्था पुरेसा वेळ टिकते, एप्रिल-मेच्या उष्म्यात ती लवकर निघून जाते, आणि पावसाळ्यात ती केव्हा आली हेच कळेनासे होते.

ठोकताना कातडे पसरते. यासाठी काम सुरू करण्यापूर्वी मागील बाजूस चिकटपट्टी लावून ते जखडून घ्यावे. अन्यथा पुठ्ठ्याच्या नमुन्याबरहुकूम कापलेला आकार नक्षी संपेपर्यंत तळाशी जुळेनासा होतो.

नक्षी कोणती असावी याविषयी मतभेद संभवतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत खोगिरे करणाऱ्यांनी, विशेषतः वायोमिंगमधील शेरिडन गावच्या डॉन किंग यांनी, वर्तुळाकार वेलींत गुंफलेल्या फुलांची एक शैली परिपूर्णतेस नेली, आणि जगभरचे हौशी आज तिचीच नक्कल करतात. ती शिकावी, कारण हात तयार करण्यास तिच्यासारखा व्यायाम नाही. पण तीच कायमची अंगीकारावी असे मला वाटत नाही. आपल्या वाड्यांच्या तुळयांवर कोरलेली कमळे आणि केळफुले, कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यांवरील वेणी व छिद्रांची रांग, यांत सीटला शोभणारे साहित्य विपुल आहे. ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या एका पट्ट्याचेच निरीक्षण नवशिक्याने भिंगाखाली करावे. नक्षीची जागा मात्र विचारपूर्वक ठरवावी. बसण्याच्या मध्यभागी खोल नक्षी घातली तर तिच्यात धूळ व पाणी साचते आणि घर्षणाने कडा झिजतात. कडेचा पट्टा, मागील उंचवटा आणि दोन्ही बाजूंचे उतार येथे ती वर्षानुवर्षे टिकते. सुंदर दिसण्याची जागा आणि भार सोसण्याची जागा वेगळी ठेवणे हे जुन्या जीनगरांनाही ठाऊक असावे, असे माझे अनुमान आहे.

शिवणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून, आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून त्या परस्परविरुद्ध दिशांनी काढल्या की जो टाका पडतो त्यातील एखादा झिजून तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. यंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा दोरा केवळ एकमेकांत अडकलेले असल्यामुळे एक तुटला की शिवण उसवू लागते. शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट दोरा घ्यावा. छिद्रे सरळ रेषेत पाडण्याचा सराव रद्दी कातड्यावर भरपूर करावा, आणि तो कंटाळवाणा आहे म्हणून टाळू नये.

पावसाळ्याची तजवीज वेगळी करावी लागते. भिजलेली सीट उन्हात किंवा इंजिनाच्या तप्त अंगाशी वाळवू नये. वनस्पतींनी कमावलेले कातडे ओले असताना तापले की आकसते आणि कडक होते, आणि ते पूर्ववत होत नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे, नंतर थोडे तेल व मेण चोळावे. तेल अधिक झाले तर कातडे सैल पडते. आषाढ-श्रावणात ही सीट काढून ठेवून मूळची रेक्झिनची सीट लावणे हाच मला शहाणपणा वाटतो, आणि म्हणूनच मूळ सीट फेकू नये असे वर सांगितले.

कामाचा आरंभ पाऊस ओसरल्यावर करावा. खंडेनवमीला कारागीर आपापली हत्यारे पुजतात, दसऱ्याला गाड्यांना झेंडूचे हार घालतात. त्यानंतरची कोरडी हवा या कामास सर्वांत योग्य. पहिले प्रकरण मोजमापाचे आहे. त्यासाठी जाड पुठ्ठा, पेन्सिल, कात्री, शिंप्याची मापपट्टी आणि गाडी इतकीच सामग्री लागेल. पुठ्ठ्याचा नमुना गाडीवर बांधून, नेहमीच्या रस्त्याने, म्हणजे नावड्याहून तळोज्यापर्यंत, बसून जाऊन पाहिल्याखेरीज कातडे विकत घेऊ नये.